हॅल्वरचा गाल

माझा भाऊ हॅल्वर रूड याने जन्मभर रायफली घडवल्या, पण शिकारीला एकदाही गेला नाही. मॉन्टानात राहून शिकारीला न जाणारा पुरुष म्हणजे समुद्रकाठी राहून मासळी न खाणारा. लोक चेष्टा करायचे. तो म्हणायचा, मला एल्कचं मटण आवडत नाही, आणि दुकानातच सार्डिन मासळीचा डबा उघडून कडक बिस्किटांबरोबर जेवायचा. रविवारी मात्र आमच्याकडे यायचा. आईसारख्या बटाट्याच्या पोळ्या फक्त मला जमतात, असं त्याचं म्हणणं होतं. मला त्या अजूनही धड जमत नाहीत. पण त्याला दुसरं घर नव्हतं, आणि मी कितीही फटकळ असले तरी हे त्याला सांगण्याइतकी वाईट नाही.

त्याचं दुकान म्हणजे हॅरो क्रीकमधल्या चारा-धान्याच्या दुकानामागची पत्र्याची शेड. तरुणपणी तो तांब्याच्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर होता. तिथल्या आवाजाने डावा कान गेला. तिथून उठून त्याने स्वतःचा लेथ घेतला आणि कोणी न शिकवता हे काम धरलं. लोखंड लोखंडाला कुठे टेकतं ते कळायला तो रॉकेलच्या दिव्यावर एक भाग धरून त्याला काजळी लावायचा आणि दुसऱ्यावर बसवून बघायचा. जिथे काळं उमटेल तिथे कानस. त्यामुळे त्याची बोटं कायम काळी. आमच्या लग्नाच्या फोटोत माझ्या पांढऱ्या बाहीवर त्याच्या चार बोटांचे ठसे अजून स्पष्ट दिसतात.

दुसरं महायुद्ध संपलं आणि आमच्या खोऱ्यातली पोरं जर्मन सैनिकांच्या रायफली पिशवीत घालून घरी आली. नंतर तर त्या टपालानेही मिळायला लागल्या. रायफल मजबूत, पण तिचं काडतूस आखूड. आमच्याकडे खोऱ्याच्या एका उतारावरून दुसऱ्या उतारावरचा एल्क टिपायचा असतो, आणि एल्क म्हणजे काही ससा नाही, तीन माणसांनी ओढला तरी हलत नाही असा सांबरासारखा प्राणी. सगळ्यांना हवं होतं ते तीनशे मॅग्नमचं लांबलचक काडतूस. त्या मापाच्या तयार रायफली महाग, त्या शहरातले डॉक्टर घ्यायचे. गुरं राखणाऱ्यांनी काय करावं? त्यांनी आपली आखूड जर्मन रायफल हॅल्वरच्या टेबलावर ठेवावी आणि हॅल्वरने ती लांब करून द्यावी.

लांब करायची म्हणजे नळी बदलून भागत नाही. रायफलीचा जीव असतो रिसिव्हरमध्ये. काडतूस नळीत ढकलून बंद करणारा दांडा, म्हणजे बोल्ट, ज्या लोखंडी घरात मागेपुढे सरकतो, ते घर. लांब काडतूस बसायला त्या घराचा काडतुसांचा कप्पा पुढून कापून वाढवावा लागतो. आणि पुढे असते एक भिंत. बोल्टच्या तोंडाशी दोन कान असतात, एक वर, एक खाली. बोल्ट बंद झाला की ते कान त्या भिंतीला टेकतात. गोळी सुटताना मागे येणारा सगळा धक्का तेच झेलतात, आणि त्यांच्या मागे वीतभरावर माणसाचा चेहरा असतो. कप्पा वाढवताना खालच्या कानामागची भिंत थोडी कापावीच लागते. किती कापायची आणि कुठे थांबायचं, एवढीच काय ती कारागिरी. मी एवढं जाणते, कारण वीस वर्षं रविवारी जेवताना मी दुसरं काही ऐकलेलंच नाही.

अशी रायफल तयार झाली की बाकीचे बंदूकवाले काय करायचे, तर ती जुन्या टायरला बांधायची, चापाला दोरी लावायची आणि ट्रकच्या आड उभं राहून दोरी ओढायची. फुटली तर टायर फुटेल. हॅल्वरला ते कमीपणाचं वाटायचं. पहिली गोळी तो स्वतः झाडायचा, मागच्या लाकडी दस्त्याला गाल लावून, गिऱ्हाइकाच्या देखत. मग नळी पुसून रायफल हातात द्यायचा. एवढंच.

त्याचं खोऱ्यात फार कौतुक झालं. "हॅल्वरचा गाल लागलाय" म्हटलं की पुढे विचारायची गरज नाही. लोक ते शब्द कशालाही वापरायला लागले. एकाने जत्रेत खेचर विकताना सांगितलं की यालाही हॅल्वरचा गाल लागलाय, आणि खेचराने घेणाऱ्याला दुसऱ्याच दिवशी लाथ मारली. हॅल्वरला अशा गोष्टी ऐकून आतून गुदगुल्या व्हायच्या. वरून तो नुसता काडी चघळत राहायचा. माझ्या भावाला गर्व नव्हता असं मी म्हणणार नाही. होता, आणि तो सगळा त्या एका गालात होता.

माझा नवरा वेंडेल टकेट हा रस्ते खात्यात रस्ता सपाट करायचं यंत्र, ग्रेडर, चालवायचा. मोठा आवाज, मोठं पोट, आणि मेव्हण्याची टर उडवल्याशिवाय जेवण पचत नाही असा माणूस. आमच्या लग्नाच्या वर्षी हॅल्वरने त्याला तीनशे मॅग्नम करून दिली, गडद अक्रोडाच्या दस्त्याची. खोऱ्यात तिच्याइतकी देखणी रायफल दुसरी नव्हती. वेंडेल तिची काडतुसं स्वतः माझ्या स्वयंपाकघरात भरायचा, आणि पुस्तकात लिहिलेल्यापेक्षा दारू थोडी जास्तच घालायचा. का, तर त्याने एल्कला आपल्याबद्दल आदर वाटतो.

एका सप्टेंबरात ओपल हॅगन तिची रायफल घेऊन हॅल्वरकडे आली. ओपल म्हणजे वरच्या कुरणांची मालकीण, नवरा गेल्यापासून एकटी गुरं सांभाळणारी. लांडगा असो, कोयोट असो की रिकामा डबा, सगळ्यांवर ती तीच रायफल चालवायची. खोऱ्यात सर्वांत जास्त गोळ्या तिच्या रायफलीतून सुटल्या असतील. तिची तक्रार साधी होती. गोळी झाडली की बोल्ट उचलला जात नाही, पावसाळी हवेत तळघराचं दार फुगून बसतं तसा बसतो. लाकडाच्या ठोकळ्याने ठोकावा लागतो.

हॅल्वरला वाटलं, घाण साचली असेल. त्याने रायफल उघडली, पुसली, आणि टोक वाकवलेली तार आत घालून भिंतीवरून फिरवली. तार अडकली. जिथे गुळगुळीत असायला हवं होतं तिथे पायरी होती. खालचा कान लोखंडात रुतत मागे गेला होता.

त्या जर्मन लोखंडाचं एक होतं. वरची साय कडक आणि आतला गर मऊ. आखूड काडतुसासाठी तेवढं पुष्कळ होतं, पिढ्यान्‌पिढ्या चाललं असतं. पण हॅल्वरने भिंत कापताना साय काढून टाकली होती, आणि भिंत पातळ केली होती ती वेगळीच. पहिल्या गोळीला ती उभी राहिली. पन्नासाव्या गोळीलाही राहिली. पण प्रत्येक गोळीने केसभर दबत गेली. चूक त्याच्या हाताची होती, आणि ती ओपलच्या एकाच रायफलीत नव्हती. सगळ्या त्याने एकाच मापाने कापल्या होत्या. हाताला सवय होती ना.

हे त्याने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी कपडे वाळत घालत होते, तो कुंपणापाशी येऊन उभा राहिला. मी विचारलं की गाल लावून तपासत होतास ना? तो म्हणाला, "गालाला काय कळतं, ॲस्ट्रिड? गालाला एवढंच कळतं की आज फुटली नाही." मग म्हणाला, "मी लोखंड तपासतच नव्हतो. मी माझी छाती तपासत होतो."

त्याने दुकानाला कुलूप लावलं. शिकारीचा हंगाम तोंडावर आणि बंदूकवाल्याच्या दाराला कुलूप, हे कोणी पाहिलं नव्हतं. ट्रक घेऊन तो घरोघर फिरला. रायफल परत द्या, मी रिसिव्हर तोडून टाकतो, लांब काडतुसासाठीच घडवलेला नवा रिसिव्हर आणून दुसरी करून देतो, वेळ लागेल, खर्च माझा. ओपलने दिली. तिने तर बोल्ट ठोकून ठोकून तळहात सोलून घेतले होते. आणखी दोघातिघांनी दिली. बाकीच्यांनी कॉफी पाजली आणि वाटेला लावलं.

आणि सांगत काय होते, तर तू स्वतः गाल लावून दिलीस ना? माझ्या डोळ्यांदेखत दिलीस. तेव्हा खोटं बोलत होतास का? तो खडूने टेबलावर चित्र काढून भिंत, कान, साय समजावून सांगायचा. लोक चित्राकडे बघायचे आणि म्हणायचे, पण हॅल्वर, तुझा गाल. पालथ्या घड्यावर पाणी. कोणी म्हणालं त्याला नव्या रायफली खपवायच्यात. कोणी म्हणालं म्हातारपणी भित्रा झाला. त्याने स्वतःच हौसेने वाढवलेलं नाव आता त्याच्याच आड येत होतं, आणि मला त्याची कीव येत होती आणि त्याच्यावर चीडही.

सर्वांत अडून बसला तो माझ्या घरातला. वेंडेल म्हणाला की माझी चालते लोण्यासारखी, ओपलचं तिचं ती बघेल. मी त्याला त्याच्या जास्तीच्या दारूची आठवण करून दिली. तो म्हणाला, मग तर ती कधीच फुटायला हवी होती, म्हणजे बघ किती मजबूत आहे. मी हॅल्वरला विचारलं, अगदी खरं सांग, फुटेल का? तो म्हणाला, "कदाचित कधीच नाही. कदाचित पुढच्या गोळीला. मला माहीत नाही. माहीत असतं तर झोप लागली असती."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. एकीकडे नवऱ्याचा चेहरा, दुसरीकडे भावाचं नाव. मी रायफलीचा बोल्ट काढून पिठाच्या पिंपात लपवला. दुपारपर्यंत सापडला, कारण त्या दिवशी मी बिस्किटं केली नाहीत आणि वेंडेलला संशय आला. माझ्या हातची बिस्किटं चुकणं म्हणजे घरात काहीतरी घडलंय, एवढं त्याला कळतं. तो आधी हसला. मग पीठ झटकताना त्याचा चेहरा लाल झाला. म्हणाला, तुम्हा दोघा भावंडांना मी काय दूधखुळा वाटतो? तेव्हापासून बोल्ट त्याच्या कोटाच्या खिशात राहायला लागला.

हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सगळं गाव खडीच्या खाणीवर जमतं. प्रत्येकाने आपली रायफल कागदी ताटलीवर नेम धरून तपासायची, चर्चच्या बायकांनी पाय, म्हणजे आत फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, आणि कॉफी विकायची, कुत्र्यांनी खाली पडलेले तुकडे खायचे. मी त्या वर्षी सफरचंदाचा पाय घेऊन टेबलामागे उभी होते. हॅल्वर आला. त्याला पाहून लोक जरा बाजूला झाले. कोणी वाईट बोललं नाही, पण कोणी हाकही मारली नाही. तो सरळ वेंडेलजवळ गेला आणि पुन्हा तेच म्हणाला.

वेंडेलने सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज लावला. मला वाटतं, त्याच्या मनात वाईट नव्हतं. त्याला हशा हवा होता, आणि रोजची कटकट एकदाची मिटवायची होती. त्याने खिशातून बोल्ट काढला, बसवला, आपलं एक काडतूस आत सरकवलं आणि रायफल हॅल्वरपुढे धरली.

"हे घ्या मेव्हणे. नेहमीसारखा गाल लावा आणि झाडा एक. झाडलीत तर ही माझ्याकडे राहील आणि पुन्हा हा विषय नको. नाही झाडलीत तर घेऊन जा."

लोक जमले. सगळ्यांना ते न्यायाचं वाटलं. ज्यांनी ज्यांनी रायफल द्यायला नकार दिला होता ते सगळे तिथे होते, आपापली हातात घेऊन. मी मात्र हातातली सुरी ठेवून दिली.

हॅल्वरने रायफल घेतली आणि ताटलीकडे तोंड केलं. खांद्याला लावली. मी त्याची बहीण आहे, मला त्याच्या पाठीवरून कळत होतं त्याच्या मनात काय चाललंय ते. एक गोळी बहुधा सुटलीच असती. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा सुटली असती. मग टाळ्या पडल्या असत्या, हॅल्वर पुन्हा हॅल्वर झाला असता, त्याच्या दुकानाचं कुलूप निघालं असतं. आणि सगळ्या रायफली डोंगरात गेल्या असत्या. त्याने मान वाकवली. गाल दस्त्यापर्यंत आला. कोणीतरी म्हणालं, हा बघा आपला हॅल्वर.

त्याने मान वर केली. बोल्ट उघडला, काडतूस तळहातावर काढलं आणि रायफल खाली केली.

"नाही," तो म्हणाला. "मला भीती वाटते."

मोठ्याने म्हणाला. एका कानाने कमी ऐकणारा माणूस बोलतो तसा, गरजेपेक्षा मोठ्याने. पार मागच्या ट्रकपर्यंत ऐकू गेलं. ज्या माणसाने आयुष्यभर एकच गोष्ट कमावली होती, त्याने ती सगळ्यांसमोर खडीत टाकून दिली, आणि मला त्याक्षणी त्याच्याबद्दल इतकी माया वाटली की डोळ्यांपुढचं टेबल दिसेना.

कोणी हसलं नाही. वेंडेल हसायच्या तयारीत होता, त्याचं तोंड तसंच अर्धं उघडं राहिलं. मग त्याने हात वर नेला आणि आपल्याच उजव्या गालावरून फिरवला, दाढी नीट झाली आहे का बघतात तसा. मला ते आयुष्यभर विसरता आलं नाही. इतकी वर्षं त्या जागी तो आपला चेहरा ठेवत होता, आणि ते त्याला आत्ता कळलं होतं.

"घेऊन जा," तो म्हणाला, हळू आवाजात. "बोल्टपण."

हॅल्वरने रायफल आपल्या ट्रकच्या मागच्या फळीवर ठेवली. जरा वेळाने चारा-धान्याच्या दुकानाच्या मालकाने आपली आणून तिच्याशेजारी ठेवली. मग आणखी एक. मी सफरचंदाचा पाय कापायला घेतला, कारण काहीतरी करायला हवं होतं. त्या वर्षी खोऱ्यात बरेच लोक मागून आणलेल्या, जुन्यापुराण्या रायफली घेऊन डोंगरात गेले, आणि हिवाळ्यात बऱ्याच घरी मटण कमी पडलं. आमच्याकडे तर हॅल्वरच्या सार्डिनचे डबे होते.

हॅल्वरने सगळे रिसिव्हर गॅसच्या ज्योतीने दोन तुकडे करून टाकले. उघड्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असे. बदली रायफली द्यायला त्याला किती तरी वर्षं लागली, आणि प्रत्येक नवी रायफल त्याने टायरला बांधून, ट्रकच्या आडून दोरीने झाडली. गिऱ्हाइकाच्या देखत. नंतर लांब काडतुसाचं काम त्याच्याकडे फारसं आलं नाही. लोक पलीकडच्या गावात जायचे, तिथल्या बंदूकवाल्याचा हात हॅल्वरच्या निम्माही नव्हता. हॅल्वर करवतींना धार लावायचा, शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. जुनी म्हण खोऱ्यातून हळूहळू गेली. खेचरंसुद्धा तिच्याशिवाय खपायला लागली. त्याला याचं वाईट वाटायचं. एकदा पोळी मोडता मोडता तो मला म्हणाला की सकाळी दुकान उघडताना अजूनही वाटतं, कोणीतरी लांब पिशवी घेऊन दारात उभं असेल. मी त्याला आणखी लोणी वाढलं. दुसरं काय करणार होते?

वेंडेलने त्याची टर उडवणं सोडलं नाही. सोडलं असतं तर हॅल्वरला जास्त लागलं असतं. पण घरात, आमच्या टेबलावर. बाहेर एक शब्द नाही.

हॅल्वर गेला त्यानंतरच्या शरद ऋतूत आम्ही दोघं चौकातल्या खाणावळीत बसलो होतो. शेजारच्या टेबलावर शहरातून शिकारीला आलेले लोक होते. त्यांच्यातल्या एकाने ती गोष्ट कुठून तरी ऐकली होती, आणि तो दुसऱ्याला रंगवून सांगत होता की इथे एक खुळा बंदूकवाला होता, त्याने आपल्याच चांगल्या चांगल्या रायफली भीतीने तोडून टाकल्या. मग वेंडेलकडे वळून म्हणाला, तुम्ही इथलेच ना आजोबा? खरंच का हो, त्यातली एकही कधी फुटली नव्हती?

वेंडेलने कप खाली ठेवला.

"नाही फुटली," तो म्हणाला. "एकही नाही."

तो माणूस हसला, त्याला वाटलं आपलं म्हणणं खरं ठरलं. वेंडेल हसला नाही. त्याने टोपी घेतली, मला कोट चढवायला मदत केली, आणि आम्ही घरी आलो.